पाण्याच्या घरगुती तपासणीचे संच: ओटी, डीपीडी की एच-टू-एस बाटली?

फिल्टर विकायला येणारा माणूस बहुतेक वेळा खिशातून टीडीएस मीटर काढतो, ग्लासात बुडवतो आणि ४५० चा आकडा दाखवून घरच्यांना घाबरवतो. तो आकडा पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा असतो. जुलाब, कावीळ, टायफॉइड यांच्याशी त्याचा काही संबंध नाही. गटाराचं पाणी मिसळलेल्या नळाच्या पाण्याचाही टीडीएस १२० येऊ शकतो. आयएस १०५०० (२०१२) या भारतीय मानकात क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतलं जातं. मैल्यातून येणारा ई. कोलाय जीवाणू मात्र १०० मिलिलिटर पाण्यात एकही चालत नाही. माणूस आजारी पडतो तो अशा मैल्यातल्या जंतूंमुळे, आणि याचा अंदाज देणाऱ्या वस्तू त्या मीटरच्या आसपासच्या किमतीत मिळतात. तरीही त्या घेणारे फार थोडे, याची खरंच काळजी वाटते.

एकच वस्तू घ्यायची असेल तर पाण्यातलं क्लोरीन मोजणाऱ्या डीपीडी गोळ्यांचा संच घ्या. महापालिकेचं किंवा ग्रामपंचायतीचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून क्लोरीन घालून निघतं. नळाशी पोचेपर्यंत त्यातलं थोडं शिल्लक राहायला हवं: मानकानुसार लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम, आणि विषाणूंचा धोका असेल तेव्हा किमान ०.५. केंद्रात घातलेलं क्लोरीन वाटेत संपलं असेल तर बहुधा दोन कारणं असतात. एक तर पाणी फार वेळ साठून राहिलं, नाही तर वाटेत काहीतरी घाण मिसळली आणि ती मारण्यात क्लोरीन खर्ची पडलं. दोन्हीकडे लक्ष द्यायला हवं.

गावांत पाणी तपासणारा जलसुरक्षक वापरतो ती ओटी, म्हणजे ऑर्थोटोलिडीनची बाटली. पाण्यात थेंब टाकले की पिवळा रंग येतो. पहिल्या दहा सेकंदांतला रंग मोकळ्या क्लोरीनचा. पंधरा-वीस मिनिटांनी तोच रंग गडद दिसला तर त्यात अमोनियाशी बांधलं गेलेलं, जंतूंवर फारसा असर न करणारं क्लोरीनही मोजलं गेलेलं असतं. बहुतेक जण बाटली हलवून, गप्पा मारून, मग सावकाश रंग बघतात आणि पाणी चांगलं असल्याचा निर्वाळा देतात. लोह, मँगनीज किंवा नायट्राइट असलेल्या पाण्यात तर क्लोरीन नसतानाही पिवळी झाक येते, म्हणून विहिरी-बोअरच्या पाण्यावर ओटीचा भरवसा धरू नये. शिवाय ऑर्थोटोलिडीन कर्करोगकारक असल्याचा संशय आहे आणि ते आम्लात विरघळवलेलं असतं. हाताला लागू देऊ नका, तपासलेलं पाणी मोरीत ओता, मुलांच्या हाती बाटली देऊ नका. उपयोग आहे, पण दुय्यम.

ऑनलाइन खरेदीत आणखी एक फसगत होते. ‘क्लोरीन टेस्ट किट’ म्हणून शोधलं की बऱ्याचदा पोहण्याच्या तलावाचे संच समोर येतात. त्यांची रंगपट्टी ०.५ किंवा ०.६ पासून सुरू होते. पिण्याच्या पाण्यात आपल्याला ०.१, ०.२ आणि ०.५ यांतला फरक दिसायला हवा. तलावाच्या कागदी पट्ट्यांचीही तीच अडचण. पट्टीचा फोटो मोठा करून बघा, आणि ०.१ किंवा ०.२ ची खूण नसेल तर तो संच घेऊ नका.

डीपीडीत रंग गुलाबी येतो. नळी त्याच पाण्याने दोनदा विसळायची, तळाशी चार-पाच थेंब ठेवायचे, त्यात डीपीडीची एक नंबरची गोळी चंदेरी पाकिटातून थेट टाकायची (बोट लावायचं नाही), काडीने चुरायची, मग १० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं, हलवायचं आणि एका मिनिटाच्या आत रंग जुळवायचा. गोळीचे बारीक कण तळाशी राहिले तरी बिघडत नाही. ०.२ चा गुलाबी इतका फिका असतो की पिवळ्या बल्बखाली तो दिसतच नाही. दिवसाच्या उजेडात, नळीखाली पांढरा कागद धरून वरून खाली बघा. उशीर केला तर बांधलेलं क्लोरीनही रंग देऊ लागतं आणि आकडा फुगतो. नळीवर गुलाबी डाग राहतो, म्हणून प्रत्येक वेळी ती घासून धुवा, नाहीतर पुढच्या वेळचा रंग बिघडतो. उलटा घोटाळाही होतो: क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग क्षणभर चमकून उडतो आणि नळी कोरी दिसते. टाकी धुतल्यावर असं दिसलं तर नमुना क्लोरीन नसलेल्या पाण्यात दहापट पातळ करून पुन्हा बघा आणि आलेल्या आकड्याला दहाने गुणा.

नमुना कुठून घेता यावर सगळं अवलंबून आहे. आरओच्या तोटीतून घेतलात तर शून्यच येणार, कारण आतलं कार्बन क्लोरीन शोषून घेतं. म्हणूनच आरओचं पाणी जारमध्ये साठवलं की त्याला पुढे काही संरक्षण उरत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलियन-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण झपाट्याने वाढले आणि काहींच्या शौच नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला. तेव्हा पुणे महापालिकेने खासगी आरओ पाणी प्रकल्पांवरही कारवाई केली, ती उगाच नव्हे.

सोसायटीत चार ठिकाणी तपासा: रस्त्यावरून येणारी थेट लाइन, जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी आणि सगळ्यात लांबच्या फ्लॅटमधला नळ. थेट लाइनला ०.५ आणि जमिनीखालच्या टाकीत शून्य, असं आलं तर दोष तुमच्याच आवारात आहे. बहुधा टाकीच्या भिंतीला तडा आणि शेजारी ड्रेनेजचं चेंबर. थेट लाइनलाच शून्य असेल तर पाणी सुटल्यावर पहिल्या पाच मिनिटांत एक आणि पंधरा मिनिटांनी दुसरा नमुना घ्या. पुरवठा बंद असताना पाइप रिकामा होतो, आतला दाब घटतो आणि फुटक्या जोडातून बाहेरचं गढूळ पाणी आत ओढलं जातं. लाइनला थेट मोटर लावणारे हा धोका साऱ्या गल्लीसाठी वाढवतात. पहिला नमुना शून्य आणि दुसरा ठीक असेल तर सुरुवातीचं पाणी टाकीत घेऊ नका, झाडांना किंवा फरशीला वापरा, आणि वेळा व आकडे लिहून पाणीपुरवठा विभागाला कळवा. ‘पाणी खराब येतंय’ या तक्रारीपेक्षा आकड्यांच्या कागदाला जास्त वजन असतं.

टाकीत क्लोरीन घालायची वेळ आली तर हिशेब सोपा आहे. १०,००० लिटरला लिटरमागे २ मिलिग्रॅम म्हणजे २० ग्रॅम क्लोरीन. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर ताजी असताना त्यात साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं, म्हणजे ६० ग्रॅम पुरते. उघडं राहिलेलं पोतं २५ टक्क्यांवर उतरलं असेल तर ८० ग्रॅम लागते, आणि २० टक्क्यांखाली गेलेली पावडर वापरूच नये. ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट असेल तर ४०० मिलिलिटर. सुगंधी, फरशीसाठीचं नको. पावडरची प्लास्टिकच्या बादलीत आधी लापशी करा, पाणी घालून ढवळा, दहा-पंधरा मिनिटं निवळू द्या आणि फक्त वरची निवळी टाकीत ओता. खालचा चुना टाकीत गेला की फ्लोट व्हॉल्व्हमध्ये अडकतो. अर्ध्या तासाने डीपीडी करा. ०.२ च्या खाली असेल तर निम्मी मात्रा पुन्हा. बादलीत संडासचं अ‍ॅसिड चुकूनही जाऊ देऊ नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

उरली एच-टू-एस, म्हणजे मैल्यातल्या जीवाणूंनी सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइडमुळे काळी पडणारी बाटली. १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मांजा, मौर्य आणि राव यांनी ही चाचणी प्रसिद्ध केली आणि आज गावोगावी ती वापरली जाते. नळ पुसून दोन-तीन मिनिटं वाहू द्यायचा, झाकणाच्या आत बोट न लावता खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवायचं. काळं पडलं तर मैल्याच्या दूषिततेचा संशय. जितक्या लवकर काळं, तितकी घाण जास्त समजा. ज्या विहिरीत किंवा बोअरमध्ये क्लोरीन घातलं जात नाही, तिथे ही बाटली डीपीडीपेक्षा उपयोगी, कारण तिथे डीपीडी कायम शून्यच दाखवणार. मर्यादा दोन. सडक्या अंड्यासारखा वास येणारं बोअरचं पाणी मैला नसतानाही बाटली काळी करू शकतं. आणि बाटली कोरी राहिली तरी विषाणू नाहीत असा अर्थ होत नाही. काळी बाटली तशीच कचऱ्यात टाकू नका. आत चमचाभर टीसीएल घालून तासभर ठेवा, मग ओता.

बाटली काळी पडली की पाणी उकळून प्या आणि नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा महापालिकेच्या प्रयोगशाळेत द्या. त्यासाठी निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच घ्या; क्लोरीन घातलेल्या पाण्यासाठी तिच्यात क्लोरीन निष्प्रभ करणारं थायोसल्फेट घातलेलं असतं, ते विसळून टाकू नका. भरताना वर थोडी हवा सोडा, बर्फाच्या डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा.