'कॅट पीपल' : १९४२चा पाहावा की १९८२चा?

दोन्हींचं बीज एकच. इरेना नावाच्या तरुणीला धास्ती आहे की पुरुषाच्या जवळ गेलं की आपल्यातलं जनावर जागं होईल. एवढं सोडलं तर हे दोन चित्रपट प्रेक्षकाकडून अगदी वेगळ्या गोष्टी मागतात. जुन्याचे चाहते नव्याला नावं ठेवतात, नव्याचे चाहते जुन्याला जांभया देतात, त्यामागे बहुतेकदा चुकीची अपेक्षा असते.

जाक तूर्नरचा १९४२चा चित्रपट ७३ मिनिटांचा, कृष्णधवल. निर्माता व्हॅल ल्यूटनला आरकेओ स्टुडिओनं पैसे बेताचेच दिले होते, वर पडद्यावर काय दाखवू नये हे ठरवणारी हॉलिवूडची आचारसंहिता. त्यामुळे जनावर जवळजवळ सगळं सावलीतच. इरेना (सिमोन सिमोन) खरंच बिबट्या होते की हा तिच्या मनाचा खेळ, हा संशय हीच चित्रपटाची पुंजी. रात्रीचा रस्ता आठवा. इरेनाच्या नवऱ्याची सहकारी अ‍ॅलिस एकटी चालली आहे, मागून इरेनाच्या टाचांची टकटक. दिव्याच्या उजेडातून आधी एकीची पावलं जातात, मग दुसरीची. मग मागची टकटक थांबते. अ‍ॅलिस घाबरून वेग वाढवते, आणि फिस्कारल्यासारखा आवाज करत पडद्यात बस घुसते. बस, बाकी काही नाही! अशा फसव्या दचक्याला आजही 'ल्यूटन बस' म्हणतात.

'यात काही दाखवतच नाहीत' ही तक्रार करणाऱ्यांनी तो कसा पाहिला, हे विचारावं. दिवे चालू, टीव्हीचा ब्राइटनेस चढवलेला, आवाज कमी: मग काळ्या सावल्या राखाडी होतात आणि टकटक ऐकूच येत नाही. खोलीत अंधार करा, चित्र उजळवू नका, आवाज नेहमीपेक्षा थोडा वर ठेवा. इरेनाचा नवरा ऑलिव्हर मात्र कितीही अंधार केला तरी मठ्ठच वाटतो. त्याला इलाज नाही.

पॉल श्रेडरचा १९८२चा रीमेक ११८ मिनिटांचा, रंगीत, न्यू ऑर्लिन्समध्ये घडणारा. इथे संशय फार टिकूच देत नाहीत. नियम सरळ सांगितला जातो: माणसाशी संग केला की बिबट्या व्हायचं, पुन्हा माणूस व्हायचं तर कुणाला तरी मारायचं. सुरक्षित फक्त आपल्याच जातीचा, म्हणजे इरेनाच्या (नास्तासिया किन्स्की) बाबतीत तिचा सख्खा भाऊ पॉल (माल्कम मॅकडॉवेल). पुष्कळ प्रेक्षक इथेच गाडीतून उतरतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

जे बसून राहतात त्यांचीही दोन गटांत निराशा होते. 'इरॉटिक' या लेबलावर आलेल्यांना नग्नता भरपूर मिळते, पण कॅमेरा थंड, अंतर राखून पाहणारा. त्यांना तो संथ वाटतो. भयपट म्हणून आलेल्यांनी १९८१चे लांडगा-माणसांचे चित्रपट पाहिलेले असतात, ज्यांत रूपांतर सावकाश, हाडामांसासकट दाखवलं होतं. इथलं रूपांतर तोकडं. रक्तपात मात्र तोकडा नाही. प्राणिसंग्रहालयातल्या कर्मचाऱ्याचा हात उपटला जातो तो प्रसंग पोटात गोळा आणणारा आहे. हात उपटणं नको असेल तर इथेच विचार करा. घरच्यांसोबत पाहायचा हा चित्रपट नव्हेच.

त्याची खरी ताकद रंग आणि आवाजात. नारिंगी वाळवंटाची ती सुरुवात, संगीतकार जॉर्जिओ मोरोडरचा सिंथेसायझर आणि गायक डेव्हिड बोवीचं गाणं. हे गाणं बोवीनं १९८३च्या अल्बमसाठी पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. तेच कानात बसलेल्यांना चित्रपटातली सावकाश चढत जाणारी आवृत्ती आधी अनोळखी वाटते, पण सरस हीच. फोनच्या स्पीकरवर यातला खर्ज पार हरवतो, तेव्हा हेडफोन लावा.

पोहण्याच्या तलावाचा प्रसंग दोन्हींत आहे, तुलनेला तोच घ्या. जुन्यात पाण्याच्या लाटांचं प्रतिबिंब भिंती-छतावर हलतं, गुरगुर घुमते, अ‍ॅलिस तलावाच्या मधोमध पाण्यात हातपाय मारत राहते. दिवे लागतात तेव्हा समोर फक्त इरेना, आणि अ‍ॅलिसचा झगा फाटलेला. श्रेडर हाच प्रसंग जवळपास तसाच उचलतो, अ‍ॅलिसला मात्र अर्धनग्न ठेवतो. आपल्याला एव्हाना सगळं माहीत असल्यामुळे भीती निम्मी उरते.

म्हणून दोन्ही पाहायचे असतील तर आधी जुना. उलट केलंत तर नव्यानं फोडलेलं गुपित जुन्याचा संशय खाऊन टाकतं. एकच पाहायचा असेल तर आम्ही जुना सुचवू. मात्र उदास, विचित्र प्रेमकथा चालत असेल आणि भीतीचा हट्ट नसेल, तर नवा घ्या.

प्रत निवडताना लांबी तपासा. रीमेकमधली नग्नता आणि कथा इतकी गुंतलेली आहे की कापलेल्या प्रतीत शेवटाचा अर्थच लागत नाही. युरोपातल्या जुन्या 'पाल' (PAL, तिथली टीव्ही-पद्धत) डीव्हीडीवर ११३ मिनिटं दिसली तर घाबरू नका: तिथे २४ऐवजी २५ फ्रेम प्रतिसेकंद धावतात, म्हणून वेळ चार टक्के घटतो. त्याहून बरीच कमी दिसली, तर कात्री चालली आहे असं समजा.