बर्फाखालच्या गळाला कृत्रिम माशी की जिवंत अळी?

इंदूरजवळच्या यशवंतसागरावर कणकेची गोळी लावून गळ टाकायला शिकलेला माझा भाचा आता अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात गोठलेल्या तलावांवर ब्लूगिल आणि क्रॅपी हे गोड्या पाण्यातले मासे धरतो, आणि त्याचा हा प्रश्न मला मोलाचा वाटतो. बर्फाखाली तळाचे पाणी ४ अंश सेल्सिअसच्या आसपास असल्याने मासा सुस्त असतो. जिवंत अळीच्या वासाने तो जवळ येतो, परंतु ती बाहेर गोठते आणि वारंवार उघड्या, ओल्या बोटांनी बदलावी लागते. गळाच्या आकड्यावर पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली कृत्रिम माशी टिकाऊ, मात्र हलकी. तिच्या वर वीतभर अंतरावर गळाच्या दोरीला बारीक वजन बांधून ती दोरी जेमतेम थरथरवली, तरी पिसांचे तंतू शेवाळासारखे हलत राहतात. म्हणून माझा कौल माशीलाच आहे. मासा तोंडच लावेना, तर तिच्याच टोकाला एक अळी खुशाल टोचावी.