नेल्सन की वेलिंग्टन: आधी कोणाचा अभ्यास करावा?

ब्रिटनचा लष्करी इतिहास वाचायला घेतला की निवड आरमारी सेनानी नेल्सन आणि भूदलाचा सेनापती वेलिंग्टन या दोघांपाशी येऊन थांबते. दोघांच्याही कबरी लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या तळघरात आहेत, पण लोकांच्या मनातली जागा वेगळी.

नेल्सन २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गरच्या आरमारी लढाईत, ऐन विजयाच्या दिवशी, ४७व्या वर्षी गेला. त्यामुळे त्याची प्रतिमा तिथेच गोठली. वेलिंग्टन वॉटर्लूनंतर, म्हणजे नेपोलियनचा शेवटचा पराभव केल्यावर, ३७ वर्षे जगला आणि १८२८ ते १८३० पंतप्रधान होता. मतदानाच्या सुधारणांना विरोध केला म्हणून १८३१ मध्ये जमावाने त्याच्या घराच्या काचा फोडल्या, तेव्हा त्याने खिडक्यांना लोखंडी झडपा लावून घेतल्या. वीरपूजा कशी घडते हे समजून घ्यायचे असेल, तर नेल्सन घ्या.

ट्रफाल्गरला त्याची २७ मोठी जहाजे होती, समोर फ्रेंच-स्पॅनिश ३३. समांतर रांग न लावता तो दोन रांगांनी थेट शत्रूच्या रांगेत घुसला. यात धोका मोठा होता. वारा मंद, त्यामुळे पुढची जहाजे बराच वेळ मारा सोसत राहिली आणि त्यांना उलट मारा जवळपास करता येईना. ब्रिटिश गोलंदाजांचा तोफा भरण्याचा वेग जास्त होता, म्हणून हा डाव साधला. वाचक इथे हमखास एक चूक करतात: या लढाईने इंग्लंडवरची स्वारी टळली असे मानतात. नेपोलियनची फौज ऑगस्टअखेरीसच किनारा सोडून ऑस्ट्रियाकडे वळली होती.

मराठी वाचकाने मात्र वेलिंग्टनपासून सुरुवात करावी, असे आमचे ठाम मत आहे, आणि तीही वॉटर्लूपासून नव्हे, शिंद्यांविरुद्धच्या असईच्या लढाईपासून. रणांगण जालना जिल्ह्यात आहे, तारीख २३ सप्टेंबर १८०३. वाटाड्यांनी केळना नदीला जवळ उतार नाही असे सांगितले. त्याला मात्र दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली. अशा गावांमध्ये येण्याजाण्याची वाट असणारच, हे ओळखून त्याने तिथूनच फौज उतरवली. शिंद्यांच्या कवायती पलटणींनी तेवढ्या वेळात मोर्चा फिरवून नवी फळी उभी केली. एवढी शिस्त त्याने गृहीत धरली नव्हती. त्याची उजवी बाजू हुकमाबाहेर असई गावाकडे सरकली आणि त्याच्या ७४व्या पलटणीची मराठी तोफांसमोर चाळण झाली. पडलेले काही मराठी गोलंदाज इंग्रज फळी पुढे गेल्यावर उठले आणि त्यांनी तोफा पुन्हा डागल्या. त्याचे सुमारे १६०० लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. पुढे आयुष्यात सर्वांत उत्तम लढलात कुठे, असे विचारल्यावर त्याने असईचेच नाव घेतल्याची नोंद आहे.

वाचताना नावांचा घोळ टाळा. तैनाती फौजेचा करार लादणारा गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली हा थोरला भाऊ, असईचा सेनापती आर्थर हा धाकटा. वेलिंग्टन हा किताब आर्थरला १८०९ मध्ये मिळाला, त्यामुळे १८०३ च्या कागदपत्रांत तो शोधू नका.

वॉटर्लू शेवटी घ्या आणि दोन्ही बाजूंनी वाचा: त्याच्या फौजेत निम्म्याहून जास्त लोक ब्रिटिश नव्हते, आणि संध्याकाळी सेनापती ब्ल्यूखरची मित्र प्रशियन फौज आली नसती तर निकालाची खात्री नव्हती. नेल्सनसाठी पोर्ट्समथला त्याचे व्हिक्टरी जहाज आजही पाहता येते.