कंबर धरल्यावर कुणाकडे जायचं? ऑस्टिओपॅथ, फिजिओथेरपिस्ट, हाडांचे डॉक्टर की हाडवैद्य

कोल्हापुरात कुणाची कंबर धरली की घरातले, शेजारचे आणि कामावरचे मिळून सल्ल्यांची रांग लावतात. पायाळू माणसाचा पाय लावून घे, तालमीतल्या वस्तादांकडून चोळून घे, अमुक गावच्या हाडवैद्याला दाखव, सरळ एमआरआयच काढ. त्यात आता मोबाइलवर मान कटकन वळवणारे व्हिडिओ आलेत आणि ‘ऑस्टिओपॅथकडे, म्हणजे हातांनी सांधे-स्नायूंवर उपचार करणाऱ्याकडे, जाऊ का?’ असंही लोक विचारू लागलेत.

माझं मत आधीच सांगते. हाड मोडल्याची किंवा आत काही आजार असल्याची शंका असेल तर आधी हाडांचे डॉक्टर. तशी शंका नसेल तर नेहमीच्या कंबरदुखी-मानदुखीसाठी नोंदणी असलेला फिजिओथेरपिस्ट ही पहिली पायरी. ऑस्टिओपॅथकडे जायला हरकत नाही, पण मूळ शिक्षण काय हे कळल्याशिवाय अंगाला हात लावू देऊ नका. आणि मोडलेल्या हाडासाठी हाडवैद्याकडे जाऊच नका.

आधी हे पाहा

लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसायच्या जागी बधिरपणा, पाय लुळा पडत जाणं: यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. संध्याकाळी ताप, वजन उतरणं आणि रात्री आडवं पडल्यावरही न थांबणारी पाठदुखी असेल तर मणक्याचा क्षयरोग आधी डोक्यात आला पाहिजे. आपल्याकडे तो दुर्मीळ नाही आणि औषधांनी बरा होतो, मात्र कळायला उशीर झाला तर मणका ढासळतो. पूर्वी कर्करोग झालेला असेल, वयस्कर माणूस नुसता घसरून पडला असेल किंवा बरेच महिने स्टेरॉइड चालू असेल, तरी आधी डॉक्टरच. खासगी दवाखाना परवडत नसेल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून हाडांच्या विभागात दाखवा. अशा वेळी पाठ चोळून घेण्यात गेलेला आठवडा फार महागात पडू शकतो.

ऑस्टिओपॅथकडची पहिली भेट

अमेरिकेतल्या अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरांनी १८७४ साली ही पद्धत मांडली आणि १८९२ मध्ये मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावी तिचं पहिलं विद्यालय काढलं. पुढे तिचे दोन प्रवाह झाले. अमेरिकेत ऑस्टिओपॅथीची पदवी घेतलेली व्यक्ती पूर्ण डॉक्टर असते, औषधं लिहिते, शस्त्रक्रियाही करते. ब्रिटनसारख्या देशांत ऑस्टिओपॅथ हातांनीच उपचार करतो. तिथे त्यासाठी १९९३ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यानुसार नोंदणी होते. आपल्याकडे भेटणारे ऑस्टिओपॅथ या दुसऱ्या प्रकारचे असतात आणि त्यातले बरेच जण मुळात फिजिओथेरपिस्ट असून वरून हे शिक्षण घेतलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये ऑस्टिओपॅथीच्या प्रशिक्षणाचे निकष छापले. वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्या विद्यार्थ्यासाठी त्यात ४,२०० तासांचं शिक्षण सांगितलंय, आणि त्यातले किमान १,००० तास देखरेखीखाली रुग्ण तपासण्याचे. म्हणून फोनवर वेळ घेतानाच विचारा: मूळ पदवी कोणती, ऑस्टिओपॅथी कुठे आणि किती काळ शिकलात? नीट शिकलेल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.

पहिल्या भेटीसाठी पाऊण तास ते तासभर मोकळा ठेवा. सुरुवातीचा बराच वेळ बोलण्यातच जातो, आणि तो जायलाच हवा. दुखणं कधी सुरू झालं, कशाने वाढतं, रात्री जाग येते का, पूर्वी कधी गाडीवरून पडलात का, सिझेरियन किंवा दुसरी शस्त्रक्रिया झाली आहे का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का. कामाचंही सविस्तर विचारतात. हुपरीत दिवसभर मांडी घालून चांदीकाम करणाऱ्याची मान, शिरोलीच्या फाउंड्रीत वजन उचलणाऱ्याची कंबर आणि उसाची मोळी डोक्यावर घेणाऱ्या बाईचा खांदा, या तिघांच्या दुखण्याची मुळं वेगवेगळी असतात. जुने एक्स-रे, रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या.

मग तपासणी. उभं करतात, वाकायला, वळायला, चालायला लावतात. दुखतो गुडघा आणि पाहतात घोटा, खुबा, कंबर. याचं नवल वाटून घेऊ नका. सगळं शरीर एकमेकांत गुंतलेलं आहे हाच या पद्धतीचा पाया आहे. पाठ पाहावी लागते, म्हणून सैल टी-शर्ट आणि ट्रॅक पँट किंवा सैल सलवार-कमीज बरी. साडीत तपासणी अवघड जाते. स्त्रियांनी सोबत कुणाला आत घेऊन बसायचं असेल तर तसं सरळ सांगावं. कुठे हात लावणार आणि कशासाठी, हे आधी सांगूनच पुढे गेलं पाहिजे, आणि ‘हे नको’ म्हणायचा हक्क प्रत्येक टप्प्यावर तुमचा आहे.

उपचार बहुतेक वेळा त्याच दिवशी सुरू होतो. स्नायू दाबणं-ताणणं, सांधा हळूहळू फिरवणं, ‘तुम्ही ढकला, मी अडवतो’ असं काही सेकंद करून मग स्नायू सैल सोडणं, आणि काही जणांच्या बाबतीत सांध्याला छोटासा झटका. व्हिडिओतला ‘कट’ आवाज या झटक्याचा. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते त्याचा तो आवाज. हाड जागेवर बसल्याचा नव्हे. ‘मणका सरकला होता, बसवला’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. खरोखर सरकलेला मणका हाताच्या झटक्याने जागेवर जात नाही. कवटीला हलका स्पर्श करून किंवा पोटातल्या अवयवांवर हात ठेवून करायचे प्रकारही काही ऑस्टिओपॅथ करतात. त्यांच्यामागचा पुरावा कमकुवत आहे आणि त्यासाठी पैसे खर्च करा असं मी कुणाला सांगणार नाही.

नंतरचे एक-दोन दिवस अंग ठणकू शकतं, बऱ्याच दिवसांनी जोर-बैठका मारल्यावर ठणकतं तसं. तेवढं चालतं. मानेच्या झटक्याबद्दल मात्र मी कडक आहे. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. त्या फार क्वचित घडतात, पण मानदुखीला सौम्य उपाय उपलब्ध असताना हा धोका घ्यायचा कशासाठी? मान न मोडताही उपचार होतो, तसं आधीच सांगून ठेवा. हाडं ठिसूळ झालेली असतील, संधिवात असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर झटका नकोच. उपचारानंतर अचानक तीव्र डोकेदुखी, बोलण्यात अडखळणं, एका बाजूला बधिरपणा आला तर थेट रुग्णालयात जा.

फिजिओथेरपिस्टकडे काय वेगळं

सुरुवातीची विचारपूस आणि तपासणी बरीचशी तशीच. मोठा फरक पुढच्या वेळेचा: ऑस्टिओपॅथकडे तो हातांच्या उपचारात जातो, चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे व्यायाम शिकवण्यात. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्याच्या परिषदेकडे होते, तेव्हा नोंदणी क्रमांक विचारता येतो. कसबा बावड्यात डी. वाय. पाटील समूहाचं फिजिओथेरपी महाविद्यालयही आहे.

पण आपल्याकडे ‘फिजिओ’ म्हणजे दहा दिवस जाऊन मशीनचा शेक घेणं, अशी समजूत पडली आहे आणि काही ठिकाणी काम तेवढंच होतं. उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक सूत्रं दिली, त्यात अल्ट्रासाउंड मशीनचा शेक, विजेचा शेक आणि ट्रॅक्शन (कंबर ताणून धरणं) देऊ नका असं स्पष्ट म्हटलंय. हातांच्या उपचाराबद्दल त्यांचं म्हणणं असं की तो द्यायचा तर व्यायामासोबतच, एकटा नाही. म्हणजे नुसता शेक देणारा फिजिओथेरपिस्ट आणि नुसता झटका देणारा ऑस्टिओपॅथ, दोघेही अर्धवट काम करतात. घरी करायचा व्यायाम पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीत मिळाला नाही तर ठिकाण बदला.

नुकत्याच भरलेल्या कंबरेसाठी अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ मध्ये शेक, मालिश, अॅक्युपंक्चर आणि मणक्याचा हस्तोपचार हे सगळे गोळ्यांच्या आधी करून पाहण्याचे पर्याय म्हणून सांगितले. कारण अशी बहुतेक दुखणी काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. तेवढे दिवस हलतं-फिरतं राहायचं, अंथरूण धरायचं नाही.

हाडांचे डॉक्टर आणि एमआरआय

इथली भेट आटोपशीर असते: तपासणी, लागला तर एक्स-रे, गोळ्या. मोडलेलं हाड, निखळलेला सांधा, वाढत जाणारा बधिरपणा यासाठी हीच जागा. साध्या कंबरदुखीला मात्र लगेच एमआरआयचा आग्रह धरू नका. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात पाठ अजिबात न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांपैकीही सुमारे ३० टक्के जणांच्या चित्रात दोन मणक्यांमधली गादी फुगलेली (‘डिस्क बल्ज’) दिसली. ऐंशीच्या वयात हे प्रमाण ८४ टक्क्यांपर्यंत जातं. रिपोर्टमधला ‘डिस्क बल्ज’ हा शब्द वाचून माणसं उगाच वाकायची थांबतात आणि दुखणं लांबतं.

हाडवैद्य आणि तालीम

गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींचं हे गाव. लचक, मुरगळ, आखडलेला स्नायू यांची वस्तादांना असलेली जाण खरी आहे. पिढ्यान्‌पिढ्या अंगं हाताळून ती आलेली आहे. तेलमालिशने बरं वाटतं, खुशाल घ्या. माझा विरोध मोडलेल्या हाडावर बांबूच्या कामट्या घट्ट आवळण्याला आहे. आतून सूज वाढते, बांधणी सैल होत नाही, रक्त पोचेनासं होतं. बोटं गार पडली, काळीनिळी झाली, हलवताना जीव जाईल अशी कळ आली, तर पट्टी तिथल्या तिथे सोडवून रुग्णालयात धावायचं. लहान मुलाचं कोपर सुजलं असेल तर आधी एक्स-रे, मग बाकी सगळं. तो हात आयुष्यभर वापरायचा आहे.

पैसे आणि पुढच्या भेटी

दर जागोजागी वेगळे असतात, म्हणून फोनवरच विचारा: पहिल्या भेटीचे किती, पुढच्या भेटीचे किती. वीस-पंचवीस बैठकांचे पैसे आगाऊ मागत असतील तर देऊ नका. जायच्या आधी घरी एका कागदावर लिहा, आज काय जमत नाही: कळशी उचलता येत नाही, गाडीवर अर्धा तास बसवत नाही, कुशीवर वळताना जाग येते. तीन-चार भेटींनंतर तोच कागद काढून पाहा. पायात उतरणारी कळ कंबरेकडे वर सरकू लागली तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ते सुधारणेचं लक्षण मानतात. कळ आणखी खाली उतरत असेल किंवा पायातली ताकद कमी होत असेल तर पुढची बैठक रद्द करा आणि हाडांच्या डॉक्टरांची वेळ घ्या.