ठाण्याचा दमटपणा आणि किट लेन्स: आकाशाच्या छायाचित्रणाचे चौदा महिने

गेल्या सप्टेंबरात, गणपती विसर्जन आटोपल्यावर, पावसाळाभर कपाटात ठेवलेली कॅमेऱ्याची पिशवी बाहेर काढली आणि सवयीने कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स मोबाइलच्या टॉर्चसमोर धरून आतून पाहिली. पुढच्या काचेच्या मागे, कडेपासून मध्याकडे सरकत आलेले बुरशीचे पांढरट तंतू दिसले. कोळ्याचे बारीक जाळे असावे तसे ते होते आणि कापडाने पुसता येतील अशा जागी नव्हते. लेन्सला तेव्हा एक वर्षही पूर्ण झालेले नव्हते. हा अनुभव लिहायला मी त्या दिवशीच बसणार होते, परंतु रागाच्या भरात लिहिलेले वाचणाऱ्याच्या उपयोगाचे नसते, म्हणून चार महिने थांबले.

वॉरंटी दोन वर्षांची असल्यामुळे मी लेन्स घेऊन अधिकृत सेवा केंद्रात गेले. बुरशी वॉरंटीत बसत नाही, असे तिथे सांगितले गेले. तो नियम वॉरंटीच्या कागदावर छापलेला असल्याने त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती जॉब शीटवर लिहिलेल्या ‘वापरातील निष्काळजीपणा’ या शब्दांबद्दल. लेन्स पडली नव्हती, भिजली नव्हती, पिशवीतून बाहेरही निघाली नव्हती. ज्या शहरात जुलै-ऑगस्टमध्ये हवेची आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते, तिथे वस्तू विकताना तिला कोरडे कसे ठेवायचे याचा एक शब्द सांगायचा नाही आणि ती खराब झाल्यावर दोष ग्राहकाच्या नावावर लिहायचा, हे मला मान्य नव्हते. पाऊण तास उभे राहून ते वाक्य बदलून ‘आर्द्रतेमुळे बुरशी’ असे लिहून घेतले, तपासणीचे पैसे भरले आणि ४,२०० रुपयांचे दुरुस्तीचे अंदाजपत्रक घेऊन परत आले. तशीच वापरलेली लेन्स बाजारात पाच हजारांच्या आसपास मिळते, त्यामुळे तिथे दुरुस्ती करण्याचा प्रश्नच उरला नाही.

माझे सामान साधेच आहे. २०२४ च्या दिवाळीत ४१ हजारांना घेतलेला २४ मेगापिक्सेलचा क्रॉप (म्हणजे लहान आकाराच्या) सेन्सरचा कॅमेरा, त्यासोबत आलेली ही लेन्स, जुना पण जड ट्रायपॉड आणि ठरावीक अंतराने शटर दाबणारी रिमोटची वायर. हौसेसाठी यापुढे मोठा खर्च करायचा नाही, असे घरी ठरवूनच सुरुवात केली होती. कॅमेऱ्याची माहिती सगळीकडे मिळते, ती पुन्हा देत नाही.

पहिले तीन महिने मी वसंत विहारमधील आमच्या इमारतीच्या गच्चीवरून छायाचित्रे काढली. इथल्या आकाशाबद्दल कोणी फार आशा देत असेल तर ती ठेवू नये. लेन्सचे छिद्र एफ ३.५, सेन्सरची संवेदनशीलता आयएसओ ८०० आणि १५ सेकंद एवढ्यावर पार्श्वभूमी राखाडी-नारिंगी होते आणि आकाशगंगा तर सोडाच, सप्तर्षीही शोधून काढावे लागतात. तरीही मृग, रोहिणी, कृत्तिका आणि व्याध गच्चीवरून व्यवस्थित टिपता येतात. ठाणे सुमारे १९.२ उत्तर अक्षांशावर असल्यामुळे ध्रुव क्षितिजापासून तेवढ्याच अंशांवर असतो, म्हणजे आमच्याकडे तो समोरच्या टॉवरच्या मागे लपतो.

गच्चीवर शिकलेली खरी गोष्ट म्हणजे तारे लांबट न होता शटर किती सेकंद उघडे ठेवता येईल हे सांगणारा ५०० चा नियम जसाच्या तसा पाळू नये. ५०० ला लेन्सच्या फोकल लेंग्थने आणि क्रॉपच्या दीडपटीने भागले की १८ मिलिमीटरसाठी साडेअठरा सेकंद येतात. पण माझ्या सेन्सरवरचा एक पिक्सेल सुमारे ३.९ मायक्रॉनचा आहे आणि आकाशातल्या विषुववृत्ताजवळचा तारा तेवढ्या वेळात त्यावरून सहा पिक्सेल सरकतो. मोबाइलवर ते लक्षात येत नाही, मात्र मोठे करून पाहिले की प्रत्येक तारा तांदळाच्या दाण्यासारखा लांबट दिसतो. मी ९ ते १० सेकंदांवर थांबते आणि अनेक चित्रे सिक्वेटर किंवा सिरिल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचते. शंभर चित्रे रचली की खरखर दहापटीने कमी होते, त्यामुळे महागड्या कॅमेऱ्याची उणीव बऱ्याच अंशी संयमाने भरून निघते.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. फेब्रुवारीत मुरबाडच्या पुढे माझ्या मामांच्या शेतावर पहिल्यांदा पूर्ण रात्र काढली. दहाच्या सुमारास मृगाकडे कॅमेरा रोखून प्रत्येकी १० सेकंदांची ४०० चित्रे लावली आणि शेकोटीपाशी जाऊन बसले. घरी येऊन पाहते तो साधारण दीडशेव्या चित्रापासून ताऱ्यांभोवती मऊ वलय यायला लागले होते आणि तीनशेच्या पुढे व्याधाखेरीज काहीच उरले नव्हते. माझा निष्कर्ष असा झाला की किट लेन्सचा फोकस टिकत नाही, तिची रिंग सैल आहे आणि गारव्यात ती सरकते. त्या वेळी मैत्रिणींना मी हेच सांगितले होते, आणि ते चुकीचे होते. ज्यांनी माझे ऐकून ती लेन्स घेणे टाळले, त्यांच्यासाठी हा भाग मुद्दाम सविस्तर लिहीत आहे.

मार्चमध्ये पुन्हा गेले तेव्हा रिंगवर पांढरी सर्जिकल चिकटपट्टी लावून फोकस पक्का केला होता, तरीही तासाभराने तेच घडले. मामा बांधावरून येत होते. मी तक्रार सांगितल्यावर ते म्हणाले, “अगं, गवतावर पाय ठेवून बघ, केवढं दव पडलंय. तुझ्या काचेवर नसेल बसलं कशावरून?” मी टॉर्च तिरका धरून पाहिले. पुढच्या काचेवर मोहरीहूनही बारीक थेंबांचा एकसारखा थर होता आणि कडेच्या फिल्टरच्या खोबणीत बोट फिरवले तर बोट ओले झाले.

यामागचे कारण समजून घेतले तर उपाय आपोआप सुचतो. मोकळ्या आकाशाकडे तोंड करून ठेवलेली काच आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. तिचे तापमान दवबिंदूच्या, म्हणजे दव पडू लागण्याच्या तापमानाच्या, खाली गेले की हवेतील बाष्प तिच्यावर जमते. जितके निरभ्र आकाश आणि जितका कॅमेरा वरच्या दिशेला, तितके हे लवकर घडते, म्हणजे छायाचित्रणासाठी जी रात्र उत्तम तीच दवासाठीही उत्तम. कापडाने पुसणे निरुपयोगी आहे, कारण दोन मिनिटांत थर परत येतो आणि पुसताना फोकस मात्र हलतो. काच हवेपेक्षा दोन-तीन अंश उबदार राहिली की पुरते.

यासाठी लेन्सभोवती गुंडाळायचे, यूएसबीवर तापणारे पट्टे विकत मिळतात. मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ४७ ओहमचे, एक वॉटचे दहा रेझिस्टर आणले, ते समांतर जोडले, जुन्या सुती नाडीवर शिवले आणि वरून कापडाची घडी घातली. सगळ्यांचा मिळून रोध ४.७ ओहम होतो आणि ५ व्होल्टवर साधारण सव्वापाच वॉट उष्णता मिळते. दहा हजार एमएएचची पॉवर बँक त्यावर पाच तासांहून थोडी अधिक चालते. एकूण खर्च दीडशे रुपयांच्या आत झाला. ज्यांना डाग देण्याचे (सोल्डरिंगचे) काम येत नाही त्यांनी तयार पट्टा घ्यावा, पण घ्यावाच. नवीन लेन्स, नवीन कॅमेरा, फिल्टर, जे काही मनात असेल त्याच्या आधी घ्यावा.

एप्रिलच्या अमावास्येला हा पट्टा लावून पहाटे चारच्या सुमारास दक्षिणेकडे कॅमेरा लावला. त्या वेळी आकाशगंगेचा मध्यभाग आपल्याकडे क्षितिजापासून जवळजवळ ४२ अंशांपर्यंत चढलेला असतो. लंडनहून हाच भाग जेमतेम साडेनऊ अंशांवर येतो. या बाबतीत आपण भाग्यवान आहोत, एवढेच की आषाढ-श्रावणात तो रात्रीच्या पहिल्या प्रहरी दिसण्याजोगा असतो तेव्हा आपल्यावर ढग असतात. म्हणून महाराष्ट्रात फेब्रुवारी ते मे या महिन्यांतली पहाट सोडू नये. त्या रात्री वृश्चिकाच्या नांगीपासून धनू राशीपर्यंतचा पट्टा, मधल्या काळ्या धुळीच्या फाट्यांसह, कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावरच दिसला. मामींना बोलावून दाखवला. त्यांनी तो पडद्यावर पाहिला, मग मान वर करून बराच वेळ आकाशात शोधला आणि बोटाने बरोबर दाखवला.

मे महिन्यात ५० मिलिमीटर एफ १.८ ही वापरलेली लेन्स साडेसहा हजारांना घेतली. किट लेन्सचे १८ मिलिमीटरवरचे छिद्र सुमारे ५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि हिचे जवळजवळ २८, म्हणजे एका ताऱ्याचा सुमारे २९ पट प्रकाश आत येतो. पूर्ण उघडल्यावर चौकटीच्या कोपऱ्यांतले तारे पंख पसरलेल्या पाखरासारखे दिसतात, म्हणून मी एफ २.८ वर वापरते. तिथेही किट लेन्सच्या बारापट प्रकाश मिळतो. मात्र तारे हिच्यावर सेकंदाला जवळजवळ एक पिक्सेल सरकतात, म्हणून वेळ तीन सेकंदांवर आणावा लागतो. कॅमेऱ्याबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. आयएसओ १६०० पर्यंत तो निर्धास्त वापरावा, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन, म्हणजे खरखर कमी करण्याची कॅमेऱ्यातली सोय, बंद ठेवावे, कारण त्यात प्रत्येक चित्रामागे दुप्पट वेळ जातो, आणि दोन बॅटऱ्या जवळ ठेवाव्यात.

बुरशी लागलेल्या लेन्सचे पुढे काय झाले ते सांगते. फोर्टमध्ये एका जुन्या कारागिराने ती माझ्यासमोर उघडली, काच साफ केली आणि ९०० रुपये घेतले. ते म्हणाले, “ताई, बुरशी नुसती बसत नाही, आम्ल सोडते. कोटिंग खाल्लं की मी काही करू शकत नाही. पावसाळ्यात पिशवीत ठेवायची नाही, पिशवीचा फोमच ओल धरतो.” काचेच्या कडेला एक फिकट डाग कायमचा राहिला आहे. चंद्र किंवा व्याध चौकटीच्या टोकाशी आला तरच त्याची धूसर झाक चित्रात दिसते.

तेव्हापासून दोन्ही लेन्स आणि कॅमेरा घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात आहेत. सोबत छोटा आर्द्रतामापक आणि अर्धा किलो सिलिका जेल आहे. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवायचा, त्याहून कोरडेही करायचे नाही. जेलचे मणी नारिंगी रंगाचेच घ्यावेत. ओल शोषून ते हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवले की पुन्हा कामाला येतात. निळ्या मण्यांत कोबाल्ट क्लोराइड असते, ते स्वयंपाकघरात तापवू नयेत. शेतावरून गारठलेला कॅमेरा घरी आणताना तो तिथेच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि घरात आल्यावर तासभर उघडू नये, नाहीतर ठाण्याची दमट हवा लागताच सगळ्या काचांवर पाणी धरते. मी महागडे इलेक्ट्रिक कपाट घेतले नाही आणि गरज वाटलेली नाही.

गेल्या डिसेंबरातील अमावास्येला पुन्हा मामांकडे गेले. ५० मिलिमीटर लेन्स, तीन सेकंद, मृगाच्या पोटातल्या तेजोमेघाची १,२०० चित्रे. गवत नेहमीसारखे ओलेचिंब होते, ट्रायपॉडच्या पायांवरून पाणी ओघळत होते आणि रिमोटची वायर पुसून हातात घ्यावी लागली. घरी आल्यावर पहिले आणि बाराशेवे चित्र शेजारी-शेजारी लावून पाहिले. तारे सरकलेले होते, पण दोन्हींमध्ये तेवढेच बारीक होते.