बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह: गणपतीपासून वापरतोय, त्याचा अनुभव

आताच्या संगणकांना डिस्कचा कप्पाच नसतो आणि आमच्या कपाटात लग्नाच्या डीव्हीडी, नाटकांच्या व्हीसीडी, अभंगांच्या सीडी भरलेल्या. म्हणून यूएसबीवर चालणारा सडपातळ ड्राइव्ह घेतला. एवढ्या वापरानंतर माझं ठाम मत झालंय: डिस्क चालली नाही की आपण डिस्कलाच दोष देतो, पण बहुतेक वेळा ती निर्दोष असते.

सुरुवातीला डिस्क घातली की घरघर, मग टकटक, आणि ड्राइव्ह 'धिस पीसी'मधून गायब. काही क्षणांनी परत हजर. हे विजेचं दुखणं. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंतच देतो आणि मोटर वेग घेताना त्याहून जास्त ओढते. कॅबिनेटच्या मागचा, थेट मदरबोर्डवरचा यूएसबी ३.० पोर्ट (९०० मिलिअँपिअर) वापरला आणि टकटक थांबली. हबमध्ये (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीत) तर अजिबात लावू नका.

पुढचा अडथळा सॉफ्टवेअरचा. विंडोज ८ पासून डीव्हीडी चित्रपट चालवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने काढून टाकली, त्यामुळे फोल्डर दिसतो पण चित्र लागत नाही. व्हीएलसी हा प्लेअर टाका, फुकट आहे. 'मीडिया'मध्ये 'ओपन डिस्क'. लग्नाच्या डीव्हीडी मेनूवरच अडकत होत्या. तिथे 'नो डिस्क मेनूज'वर खूण केली की थेट मुहूर्ताची अक्षता. व्हीसीडी असेल तर एमपीईजीएव्ही फोल्डरमधली .डॅट फाइल व्हीएलसीवर ओढून टाका.

सीडी वाजतात पण एकही डीव्हीडी लागत नाही, असं झालं तर ड्राइव्ह तपासा. सीडी ७८० नॅनोमीटरच्या लेझरने वाचली जाते, डीव्हीडी ६५०च्या. एक शाबूत आणि दुसरा थकलेला असू शकतो. परदेशातून आलेली डीव्हीडी अडली तर रीजन (ती जगाच्या कोणत्या भागात चालेल ते ठरवणारा आकडा) बघा: भारताचा ५, अमेरिकेचा १. ड्राइव्हचा रीजन पाचदाच बदलता येतो, तेव्हा उगाच खेळू नका.

हे सगळं करून मगच डिस्ककडे वळायचं. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. सीडी उजेडासमोर धरून बघा. तिचा माहितीचा थर छापील बाजूला, नुसत्या लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. आमच्या एका अभंगाच्या सीडीवरचं स्टिकर सोलताना चंदेरी पापुद्राच निघून आला. तिथली गाणी कायमची गेली. खालच्या बाजूचे ओरखडे त्यामानाने पुष्कळ सुसह्य.

ड्राइव्ह चांगला आहे, वाचनही नेटकं. फक्त केबल वीतभर आणि ड्राइव्हलाच पक्की जोडलेली. मागच्या पोर्टला लावल्यावर ड्राइव्ह टेबलापर्यंत पोहोचत नाही, आणि एक्स्टेंशन लावलं की टकटक पुन्हा सुरू. घेताना सुटी, दोन यूएसबी तोंडांची (म्हणजे दोन पोर्टांतून वीज घेणारी) केबल मिळतेय का, तेवढं दुकानदाराला विचाराच.