टायगर बार्बसोबत एंजल "चालतील" म्हणून विकले आणि मग औषधंही विकली

आधीच सांगते, चूक माझी पण आहे, मासे घ्यायच्या आधी अर्धा तास बसून वाचलं असतं तर हे झालंच नसतं. पण विकणाऱ्याला सगळं नीट माहीत होतं आणि तरी त्याने विकलं, हे मला नंतर कळलं आणि तो राग काही जात नाही.

टाकी तीन फुटी, पाणी साधारण १०० लिटर. टायगर बार्ब मला आधीपासून आवडायचे, ते काळे पट्टे, लालसर पर आणि सारखी धावपळ. किती घेऊ विचारलं तर म्हणाला चार बास, जास्त घेतले की भांडतात. मग स्वतःच म्हणाला ताई टाकी उंच आहे, दोन एंजल टाका, शोभा येईल. मी विचारलं हो, बार्ब त्यांना त्रास नाही ना देणार? "छे, सगळे कम्युनिटी मासेच आहेत, एकत्र राहिले की सवय होते." आणि वर शेवाळ खायला एक सियामीज अल्गी ईटर गळ्यात मारला.

पाच दिवस बरे गेले. मग एंजलच्या पोटाखाली ते दोन लांब दोऱ्यासारखे पर असतात ना, ते निम्मे झाले. मग शेपटी, मग वरचा पर. दोन्ही एंजल फिल्टरच्या मागच्या कोपऱ्यात तोंड घालून उभे, खायला पण बाहेर येईनात. फोटो काढून नेला, त्याने फोनकडे धड बघितलं पण नाही, म्हणाला फिन रॉट आहे, पर सडतायत, हे निळं औषध टाका. टाकलं. पाणी निळं झालं, टाकीच्या कोपऱ्यातलं सिलिकॉन अजून निळं आहे, आणि फिल्टरमधले चांगले बॅक्टेरिया गेले त्यामुळे आठवडाभर पाणी गढूळ ते वेगळंच. पर काही थांबले नाहीत कातरायचे. नंतर मी त्याला हेही सांगितलं की बार्ब रात्री डोकं खाली करून तिरके उभे राहतात, तर त्याचंही एक औषध निघालं! टायगर बार्ब आराम करताना तसेच उभे राहतात, त्यात आजारबिजार काही नसतो.

सडलेला पर आणि चावलेला पर यातला फरक आता मला झोपेत पण कळेल. सडतो तेव्हा कडा पांढुरकी किंवा लालसर दिसते आणि पर हळूहळू विरत जातो. चावलेला असतो तेव्हा कागदाला कात्री लावल्यासारखे तुकडे गेलेले असतात, बाकीचा पर एकदम स्वच्छ. माझ्या एंजलचे असेच होते. अर्थात चावलेल्या जागी नंतर इन्फेक्शन होऊ शकतं, तेव्हा औषध लागतंच, पण चावणारा त्याच टाकीत असेल तर औषध कुठवर पुरणार.

अल्गी ईटरची तर वेगळीच कथा. एका रात्री पाणी प्यायला उठले, टाकीवर सहज टॉर्च मारला तर हा पठ्ठ्या एंजलच्या चपट्या अंगाला तोंड लावून चिकटलेला, आणि तो बिचारा गोल गोल फिरतोय. सकाळी त्या जागी खवल्यांवर गोल फिकट डाग. तेव्हा शोधाशोध केली आणि कळलं की हा सियामीज नाहीच, चायनीज अल्गी ईटर आहे. खऱ्या सियामीजचा काळा पट्टा शेपटीच्या परातून थेट टोकापर्यंत जातो आणि तो काचेला तोंडाने चिकटून लटकत नाही. हा लटकतो, त्याचं तोंडच सकरसारखं आहे. लहानपणी शेवाळ खातो, मोठा झाला की शेवाळ सोडून दुसऱ्या माशांच्या अंगावरचा चिकट थर चाटायला लागतो आणि पार २५ सेंमीपर्यंत वाढू शकतो.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा गर्दी होती म्हणून मागे उभी राहिले. नवीन आलेला पोरगा जाळीत एंजल घेऊन बार्बच्या टाकीकडे निघाला तर हा तिथूनच ओरडला, "तिकडे नको रे, फाडून टाकतील!" मी तिथेच उभी. मग नीट बघितलं, त्याच्याकडे बार्ब एका टाकीत एकटेच, पंचवीस-तीसचा घोळका, दुसरं काहीच नाही, आणि एंजल चार टाक्या सोडून पलीकडे. मी पहिल्याच दिवशी हे बघितलं होतं की, पण बघून डोक्यात शिरलं नाही. त्याला म्हटलं मला का नाही सांगितलं, तर म्हणे तुमच्या टाकीत झाडं कमी आहेत म्हणून झालं.

एक एंजल गेला. दुसऱ्याला वेगळ्या टाकीत हलवला, शेपटी भरून आली पण पोटाखालचे ते दोरे वाकडेच आले. बार्ब मात्र चारचे दहा केले, दुसरीकडून आणून, घरात सगळ्यांनी वेड्यात काढलं मला. पण खरंच शांत झाले, म्हणजे मारामारी चालूच असते पण आपापसात, कोण मोठा ते ठरवण्यात दिवस जातो, बाहेरच्याला छळायला वेळच नाही. चार असताना तो सगळा जोर एंजलवर निघत होता. सोबत आता झेब्रा डॅनिओ आहेत, चपळ, आखूड पराचे, त्यांच्या मागे लागून काही हाती लागत नाही. ज्याचे पर लांब आणि चाल संथ, म्हणजे एंजल, फायटर, गप्पी, गोरामी, ते यांच्याबरोबर कोणी कितीही शपथा घेतल्या तरी टाकू नका. क्लाऊन लोच जमतात म्हणतात ते खरंय, फक्त तो ३० सेंमीपर्यंत जाऊ शकतो आणि त्यालाही घोळका लागतो, १०० लिटरमध्ये नाही बसत.

अल्गी ईटर परत नेऊन दिला, पैसे अर्थातच नाहीत. माझ्यासमोर त्याने तो जाळीने उचलला आणि सोडला परत त्याच टाकीत, जिच्या काचेवर अजून "सियामीज" लिहिलंय.